काळी पाच हजर

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणारे काका भाजी आणायला निघाले की दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालत. आमच्या पूनम सागर भागातल्या बाजारात संध्याकाळी रिक्षा, टेम्पो, कोथिंबीरवाल्याच्या हाका असा नुसता कल्लोळ, आणि त्यातून हे गृहस्थ मुक्यानं भाजी घेत चाललेले. दोन बोटं दाखवली की दोन जुड्या, नाक मुरडलं की महाग आहे. भाजीवाले त्यांना ठार बहिरे समजत आणि त्यांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलत. मी एकदा न राहवून विचारलं तर म्हणाले, "हे कान मी बाहेर वापरायला आणलेले नाहीत."

कान हेच त्यांचं हत्यार होतं. घरबसल्या ते हार्मोनियम, म्हणजे आपली बाजाची पेटी, सुरात लावून देत. काशीगावातल्या भजनी मंडळापासून उत्तनच्या चर्चमधल्या गायकांपर्यंत सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना धंद्यात सूर म्हणतात. प्रत्येक पट्टीखाली असे दोन सूर जोडीनं असायचे. दोघं नेमके जुळले तर एकच आवाज येतो. केसभर फरक असला तर आवाज हिंदकळतो. काका बारीक कानशीनं जीभ जराशी घासायचे, भाता हलवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून पाणी हलतंय." मग पुन्हा घासायचे. पाणी स्थिर झालं की सूर लागला.

हे पाणी त्यांना माणसांतही दिसायचं. तळमजल्यावरून वरच्या नवरा-बायकोचं भांडण ऐकलं की म्हणत, "दोघंही चांगली आहेत हो, केसभराचा फरक आहे." आमच्या घरातलं भांडण ऐकून मात्र एकदा म्हणाले, "तुमचे सूर मुळातच वेगवेगळ्या पेट्यांतले आहेत." मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहत होतो, त्यामुळे त्यांचा अभ्यास दांडगा होता.

मी दिवसभर घरीच असायचो. आज घरून काम करतो म्हटलं तर कोणी वळून बघत नाही. तेव्हा, मोबाईलवर बोलताना माणसं रेंजसाठी खिडकीत जाऊन उभी राहायची त्या काळात, घरून काम करणारा पुरुष म्हणजे नोकरी गेलेला पुरुष असं लोक धरून चालत. माझ्या बाबतीत ते खरंही होतं. कंपनी बंद पडल्यावर मी मिक्सर, गिझर, पंखे यांच्याबरोबर जी पुस्तिका येते तिचं मराठी करायला लागलो होतो. ती पुस्तिका जन्मात कोणी वाचत नाही. पण 'भांडे जागेवर नीट बसले आहे याची खात्री करावी' हे वाक्य लिहिताना मला जी एकाग्रता लागायची ती एखाद्या योग्यालाही लागत नसेल. आणि नेमकी तेव्हाच खालून आरोळी यायची, "आऊऽऽऽट!"

ही आरोळी बहुतेक वेळा आमच्याच कन्येची असे. मनू तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा आवाज तिच्या आजीवर गेला होता, आणि आजी गावी या डोंगरावरून त्या डोंगरावरची गुरं हाकलत असे.

आवारातली पोरं म्हणजे पंधरा-वीस डोकी. एक टप्पा आऊट, लगोरी, डबा ऐसपैस, आणि काहीच नसलं की नुसतंच पळणं. घरी बसून काम करणाऱ्या माणसाचा खरा शत्रू कोण असेल तर ही पोरं, असं माझं ठाम मत होतं. मग काकांची अवस्था काय होत असेल! मी तर निदान पहिल्या मजल्यावर होतो. त्यांच्या खिडकीसमोरच विकेट होती. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर कोळशानं काढलेली.

पण काकांची तऱ्हा वेगळी होती. ते पहाटे पाचला कामाला बसत आणि पोरं उठायच्या आत नाजूक काम उरकून टाकत. आणि संध्याकाळी साडेपाचला, पोरं ऐन रंगात आली की, खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसत आणि डोळे मिटून घेत. ही त्यांची हजेरी. डोळे का मिटायचे, तर "डोळे उघडे असले की कान आळशी होतो." प्रत्येक पोराचा आवाज त्यांनी पेटीवर बसवला होता. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळीनं मोजतात, तशी ही पोरं. सी विंगचा रॉयस्टन काळी दोन, जोशांचे जुळे पांढरी चार, आणि सगळ्यांच्या वर आमची मनू, काळी पाच.

"पांढरी चार एकच ऐकू येतेय," ते आतूनच ओरडायचे. "दुसरी कुठाय?"

"ताप आलाय, काका!"

"काळी पाच?"

"हजऽऽऽर!" मनू अशी किंचाळायची की माझ्या टेबलावरचा पेला थरथरायचा.

पोरांना याची इतकी सवय झाली की ती आपापसांतही "ए काळी दोन, बॉल टाक" असं बोलायची. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी हे ऐकून पोरं रंगावरून एकमेकांना चिडवतात म्हणून तक्रार केली होती.

पोरांच्या लेखी त्यांचा दुसरा उपयोग म्हणजे अंपायर. आऊट की नॉट आऊट यावर जुंपली की दोन्ही पक्ष खिडकीशी जात. काकांनी खेळ पाहिलेला नसायचा, पाठ खिडकीकडे आणि डोळे बंद. ते म्हणत, "एकेकानं सांगा." पोरं एकेक करून सांगायची. मग निकाल यायचा, "रॉयस्टन खरं बोलतोय. काळी पाच, तू अर्धा सूर चढलीस. बॅट दे."

त्यांचं म्हणणं असं, की खोटं बोलताना माणूस अर्धा सूर वर चढतो, पोर असो की पुढारी. मनू रडत घरी आली की मी तिची समजूत घालायचो, "अगं, ते म्हातारे आहेत, चुकत असतील." त्यावर ती नाक पुसत म्हणायची, "नाही बाबा, मी आऊटच होते."

सोसायटीचे सेक्रेटरी जिग्नेशभाई यांचं मत मात्र स्पष्ट होतं. "देखो, काका आदमी सोना है, लेकिन एक स्क्रू ढीला है." याला कारण होतं. पाण्याच्या पंपाची घरघर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडते म्हणून काकांनी तीन महिने लेखी तक्रारी केल्या होत्या. कोणी दाद देईना, तेव्हा स्वतःच्या जुन्या चपलेचा तुकडा कापून त्यांनी पंपाखाली सारला. पंप पांढरी एकमध्ये घुमायला लागला. विशेष म्हणजे त्यानंतर तो बिघडलाही नाही, पण हे श्रेय जिग्नेशभाईंनी कधी दिलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

दिवाळीची सुट्टी लागली होती. पोरं सकाळी दहापासून खाली. माझ्याकडे वॉशिंग मशीनची चाळीस पानांची पुस्तिका आलेली, आणि मी तिसऱ्या पानावर अडकलेलो. रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती, त्यात मी उभा राहिलो. एरवी मी मीटिंगमध्ये फक्त चहा आला की बोलतो. पण त्या दिवशी मी आवारातल्या खेळावर बंदी घाला असं जोरदार भाषण केलं. माझी पुस्तिका हे कारण सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, "आपल्या तळमजल्याच्या काकांचा विचार करा. त्यांचं किती नाजूक काम! या वयात त्या माणसाला दोन घटका शांतता नको?"

काका मीटिंगला नव्हते. त्यांना मीटिंगमध्ये सगळेच अर्धा सूर चढलेले ऐकू यायचे, म्हणून ते जात नसत, बोर्डावरचे कागदही वाचत नसत.

"बात तो सही है," जिग्नेशभाई म्हणाले. "आप ही लिख दो नोटिस. आप तो रायटर हो."

रायटर म्हटल्यावर मी विरघळलो. सोमवारी सकाळी बोर्डावर माझी नोटीस लागली: 'ज्येष्ठ रहिवाशांच्या कामात व्यत्यय येत असल्याने आवारात खेळणे, धावणे व ओरडणे पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवावे.' पुस्तिका करून करून हात असा बसला होता की खाली 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' एवढंच लिहायचं राहिलं.

पोरांनी नोटीस वाचली आणि घरी गेली. मनूनं मात्र आंदोलन पुकारलं. माझ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "आवाज बंद ना? मग बंद." आणि त्यानंतर तिनं आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवायची. जेवताना ओठांनी आमटी मागितली, ओठांनीच भात नको म्हटलं. ही, म्हणजे आमच्या घरची खरी सेक्रेटरी, मला म्हणाली, "बरं झालं. आता लिहा चाळीस पानं."

खाली चिडीचूप. मी बाह्या सरसावून बसलो. दुपारपर्यंत तिसरं पान, संध्याकाळपर्यंतही तिसरंच पान. काम न होण्याचं कारण पोरं नव्हती, हा शोध त्या शांततेत मला लागला, आणि तो काही सुखाचा नव्हता.

पावणेसहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारा माणूस एकच. आमची बेल काकांना सहन होत नसे.

दार उघडलं तर काका घामाघूम झालेले. एकच मजला चढून आलेले, पण चेहरा असा की कुठून तरी पळत आलेत. मला वाटलं, आभार मानायला आले असावेत. माणसाचा मूर्खपणा कुठवर जाऊ शकतो, ते बघा.

"मनू आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे की. या ना, बसा."

ते बसले नाहीत. "आज काशीगावला गेलो होतो," म्हणाले. "त्या मंडळाची पेटी गेल्याच आठवड्यात दिली होती. बुवांनी बोलावून घेतलं. म्हणाले, काका, राग मानू नका, पण वरचे सूर भांडतायत. मी भाता मारला, ऐकलं. मला पाणी स्थिर दिसत होतं हो. बुवा म्हणतात, हलतंय. मंडळातली चार माणसं म्हणतात, हलतंय. मला एकट्यालाच…" त्यांनी घाम पुसला. "म्हटलं, प्रवासानं कान दमला असेल. घरी आलो. बोळे काढले. हजेरीला बसलो."

मी खिडकीकडे पाहिलं.

"खालचं सगळं ऐकू येतंय," काका म्हणाले. "पंप येतोय. स्कूटर आली. जिग्नेशभाई खोकले तेही आलं. पण पोरं नाहीत. एकसुद्धा नाही. वळून खिडकीतून बघायचा धीर झाला नाही. काळी दोन नाही, पांढरी चार नाही. वरचं गेलं वाटतं माझं. म्हणून म्हटलं, मनूला समोर उभं करून बघावं. तिच्याइतकं वर कोणी जात नाही."

तेवढ्यात मनू आतल्या खोलीतून आली. तिला आमचं बोलणं कळलं नव्हतं. काकांना बघून तिचा चेहरा फुलला. मी समोर होतो, आंदोलन चालू होतं. तिनं तोंड मोठं उघडून, हात हलवून, ओठांनी म्हटलं, 'काका, या ना!'

आवाज आला नाही.

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग डोळे मिटले, मान तिरकी केली. पेटीशी करत तशीच. मनू आणखी मोठं तोंड करून तेच पुन्हा म्हणाली, हसत, मुक्यानं. काकांनी डोळे उघडून ते पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली उंबऱ्यावर बसले.

"गेलं," ते म्हणाले. एवढंच.

घरात दुसरं कोणी नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या दोन कानांवर त्या माणसाचा सगळा संसार उभा होता. आणि मी माझ्या तिसऱ्या पानासाठी…

"मनू, बोल!" मी ओरडलो. "अगं मोठ्यानं बोल! ओरड!"

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. ओठांनी विचारलं, 'नक्की?'

"ओरड गं माझे आई!"

"काऽऽऽकाऽऽऽ!"

पेला थरथरला. समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं. काकांनी दोन्ही हात कानांवर नेले आणि तसेच धरून ठेवले, कोणी काढून घेईल म्हणून धरावेत तसे. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काळी पाच," ते म्हणाले. "काळी पाचच आहे."

हिनं पाणी आणून दिलं. मी नोटिशीची हकीकत सांगितली.

"कोणी लिहिली नोटीस?"

"कमिटीनं," मी म्हणालो.

काकांनी पेला खाली ठेवला. "अर्धा सूर चढलात."

मनू खुदकन हसली. मी लगेच खाली गेलो आणि बोर्डावरचा कागद काढला. जिग्नेशभाई जिन्यात भेटले. "अरे, आज ही तो लगाया!"

"प्रूफ की गलती थी," मी म्हणालो. माझा सूर किती चढला असेल देव जाणे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला हजेरी झाली. सगळे हजर. पण काशीगावच्या पेटीचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोनेक आठवड्यांनी बुवा जिन्यात भेटले तेव्हा कळलं. काका स्वतः जाऊन त्यांना म्हणाले होते, "वरचे सूर आता दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. मला ते पाणी दिसत नाही." उत्तनलाही तोच निरोप गेला. रॉयस्टनची आजी तिथली. ती मुद्दाम एवढ्या लांब येऊन त्यांना म्हणाली, "आमाला चालतंय की. थोडं हललं तर हललं, देवबाप्पाला सगला ऐकू येतं हाय." काकांनी हात जोडले. "त्याला चालेल हो. मला चालत नाही."

तेव्हापासून ते फक्त भाते दुरुस्त करायचे. "भात्याला कान लागत नाही," म्हणायचे. "कातडं आणि डिंक लागतो." एरवी सगळं तसंच. पहाटे पाचला उठणं, कापसाचे बोळे, साडेपाचची हजेरी.

पुढच्या उन्हाळ्यात मनूचा घसा बसला. म्हणजे मला तसं वाटलं. खिडकीत बसलो होतो, खालून "हजर" असा आवाज आला तो म्हशीसारखा, जाड, ओढलेला. मी वाकून पाहिलं तर मनूच! रात्री तिला आल्याचा काढा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, घरात आवाज ठणठणीत, खाली गेली की रेडा. तिसऱ्या दिवशीही काढा. पोरगी गुपचूप प्यायली, तोंड वाकडं करून, एक शब्द न बोलता.

चौथ्या दिवशी काकांनी मला जिन्यात अडवलं. "काढा बंद करा," म्हणाले. "वास खाली येतो."

"अहो, घसा बसलाय तिचा."

"घसा उत्तम आहे. गेल्या आठवड्यात मी हजेरीत विचारलं, काळी पाच कुठाय, आज आली नाही का. ती खिडकीखालीच उभी होती म्हणे. तीनदा ओरडली होती. मला आलं नाही. त्या दिवसापासून खालच्या पट्टीत ओरडते. आता बाकीची पोरंही तेच करायला लागलीत. सगळी सोसायटी काळी एकमध्ये आलीय."

मी वर जायला वळलो.

"तिला सांगू नका," काका म्हणाले, "मला कळलंय म्हणून."

मी सांगितलं नाही. काका पुढे पुतण्याकडे पेणला गेले, आणि तिथेच वारले. पेणला जाताना आपली कानस मनूला देऊन गेले. ती अजून तिच्याकडे आहे.

मनू आता नोकरी करते, रविवारी येते. हल्ली आमच्याकडे टीव्हीच्या आवाजावरून वाद असतो. ही म्हणते, मी फार मोठा लावतो. मी म्हणतो, टीव्ही जुना झालाय. गेल्या रविवारी मनू आली, समोर बसली आणि ऑफिसच्या गमती सांगायला लागली. आवाज जाड, ओढलेला. मी म्हटलं, "घसा बसलाय का गं? काढा करू?"

ती हसली. "कर ना, बाबा," म्हणाली, त्याच म्हशीच्या आवाजात.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि आलं किसायला घेतलं. मला कळलंय, हे मी तिला सांगितलं नाही.